ओढ्याच्या अलीकडे

बसचं दार उघडताना डुरकलं, आणि रिपेकाच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकलं.

एवढंच झालं. शाळा सुटलेली, जॉर्ज स्ट्रीटवर नेहमीची गर्दी, स्टॉपवर पोरींचा कलकलाट, कुणाच्या तरी हातातल्या गरम चिप्सचा व्हिनेगरी वास. एरवी बसच्या दारातून नुसती फुस्स करून हवा सुटते, पण ही बस म्हातारी होती. तिचं दार घशातून ओरडलं, खोल, ओलसर, आणि शेवटी थोडं खोकल्यासारखं तुटत गेलं. दप्तराच्या पट्ट्याखाली अडकवलेलं ते बोट कुणी न सांगता हुकासारखं वळलं, पट्ट्यावर हलकेच टेकलं आणि दाबायच्या बेतात थांबलं. रिपेकाने बोटाकडे पाहिलं. नखावर गणिताच्या तासाला टिलीने लावून दिलेलं जांभळं नेलपॉलिश होतं. बोट तिचंच होतं, यात शंका नव्हती. पण ते तिला न विचारता शनिवारपासून तिथेच राहिलं होतं, कॅटलिन्सच्या रानात, पडलेल्या बीचच्या झाडाच्या खोडाखाली, ओल्या शेवाळावर पालथं. बाकीची रिपेका तेवढी परत आली होती, तिने इतिहासाचा निबंध दिला होता, नेटबॉल खेळली होती, भावाशी बाथरूमवरून भांडली होती.

"ए, मूर्ती झालीयस का? चढ ना!" टिली पायरीवरून ओरडली.

"बाई, येणार की फोटो काढू तुझा?" ड्रायव्हर म्हणाला.

"मी चालत येते."

"चालत? तुझ्या त्या उभ्या रस्त्याने? तुला ताप आलाय, रिप्स. आईला सांग, डोकं तपासून घे."

दार पुन्हा डुरकून मिटलं. या खेपेला तिने हात आधीच खिशात घालून ठेवला होता.

चढ लागला. डनीडिनचे रस्ते असे की वर जाताना स्वतःचे गुडघेच छातीशी येतात आणि माणूस आपोआप खाली बघत चालतो. खाली बघत चाललं की शनिवार यायचाच. फुटपाथवरची पानं पिवळी झाली होती, एप्रिल होता, इथला पानगळीचा महिना, आणि एप्रिल म्हणजे त्यांच्या घरात एकच गोष्ट: लाल हरणांचे नर माजावर येऊन डुरकायला लागतात. एरवी सावलीसारखा मुका राहणारा तो प्राणी एप्रिलमध्ये दरीदरीतून ओरडून सांगतो, मी इथे आहे, कोण आहे रे दुसरा? आणि मग माणसं रानात शिरून त्याला उत्तर देतात, त्याच्याच आवाजात. पोउआ, म्हणजे तिच्या आईचा बाप, गायीच्या शिंगातून डुरकायचा. रिपेका प्लॅस्टिकच्या पाइपच्या तुकड्यातून. तोंडाला पाइप लावायचा, पोट आत ओढायचं, आणि स्वतःच्या आतून इतका दांडगा, इतका बेशरम आवाज काढायचा की पहिल्यांदा तिचं तिलाच हसू फुटलं होतं. शाळेत बाई म्हणतात, मुलींनो, आवाज चढवू नका. रानात पोउआ म्हणायचा, "हा काय आवाज झाला? लाजतेस कुणाला? सगळी दरी तुझ्या बापाची आहे असं ओरड!" या वर्षी तिला जमलं होतं. या वर्षी तिला सगळंच जमायला लागलं होतं, भाषणं, नेटबॉल, मुलांशी बोलताना मान न झुकवणं, आणि शनिवारी सकाळी गाडीतून उतरताना तिला वाटलं होतं की आज तिच्या नावाचा शिंगाळा नर या रानात कुठेतरी उठून आळस देतोय.

ओढ्यापाशी आल्यावर पोउआने नेहमीचं सांगितलं. तो काही नवीन सांगत नसे, पण सांगितल्याशिवाय सोडत नसे. "मी पलीकडे, तू अलीकडे. ओढा कुणी ओलांडायचा नाही. शिंगाळा पाण्यात उभा राहून नाचला तरी नाही. आणि हलतं ते सगळं माणूस आहे असं धर. ते हरीण आहे हे त्यानं तुला पटवून द्यायचं, पोरी. तू त्याला मदत करायची नाही." लहानपणी तिला हे वाक्य गमतीचं वाटायचं. हरणाला कसली मदत? शनिवारी तिला कळलं. तपकिरी रंगाचा तुकडा नेच्याच्या पानांमागे दिसला की मन धावत जातं आणि उरलेलं हरीण स्वतःच्या खिशातून काढून देतं. वाळकी फांदी असते तिची शिंगं करतं. सावली असते तिची मान करतं. कुणी मागितलेलं नसताना, एवढ्या प्रेमाने करतं.

तिने डुरकणी दिली होती. लांबून उत्तर आलं. पुन्हा दिली, उत्तर जवळ आलं. मोठं, घोगरं, शेवटी तुटणारं. ती खोडाखाली आडवी झाली, केशरी जाकीट शेवाळात दडलं, हृदय जमिनीवर आपटत होतं आणि जमीन ते परत देत होती. उत्तर उजवीकडून येत होतं, म्हणजे ओढ्याच्या अलीकडूनच, म्हणजे तिच्या हद्दीतून. पलीकडून आलं असतं तर तिने पोउआचा विचार केला असता. अलीकडे पोउआ नव्हताच. अलीकडे कुणी नव्हतं, हे ठरलेलं होतं, आणि ठरलेल्या गोष्टीवर तिने डोकं ठेवलं होतं, उशीवर ठेवतात तसं. नेचे हलले. तपकिरी. रायफलीच्या दुर्बिणीत फक्त तपकिरी आणि त्याच्यावर झाडाची एक दुबेळकी फांदी, आणि तिला शिंगं दिसली. दिसलीच. आजही डोळे मिटले तर तिला तिथे शिंगं दिसतात, टोकं मोजता येतील अशी. सुरक्षेचा खटका पुढे गेला. बोट चापावर गेलं. श्वास अर्धा सोडला. आणि मग त्या मानेला हात फुटला. हात खाली गेला, आणि घसरलेली पँट वर ओढून पुन्हा दिसेनासा झाला.

पँट! या जगात तशी पँट वर ओढणारा एकच माणूस होता, उजव्या हाताने, मागून, वैतागून. आजी गेल्यापासून तो रोडावत चालला होता आणि पट्ट्याला नवीन भोक पाडायचं मनावर घेत नव्हता. त्यावरून घरात किती हसायचे सगळे. रिपेकाने बोल्ट उघडला, गोळी शेवाळात पडली, आणि तिने तोंड मातीत खुपसलं. हाक मारायला हवी होती. पोउआ, मी इथे आहे! एवढंच. सगळ्या दरीला ऐकू जाणारा आवाज तिच्याकडे होता, मघापासून ती तेच करत होती, आणि माणसासारखी एक हाक तिला मारता आली नाही.

ती रस्त्याच्या मध्यावर थांबली. बंदर खाली दिसत होतं, राखाडी, सपाट. एक बाई कुत्र्याला ओढत वर चालली होती, म्हणाली, "दमलीस का गं? तुझ्या वयात मी हा चढ पळत चढायचे." रिपेका हसली. हसता येत होतं, हेही एक नवलच होतं.

कारण सगळ्यात वाईट ते नंतरचं होतं. गाडीपाशी पोउआ आधीच बसलेला, टपावर चीज रोलचा डबा उघडलेला. गुडघ्यापर्यंत पँट ओली. "माझ्या बाजूला शुकशुकाट," तो म्हणाला. "ओढा काही ओलांडला नाही मी. पण तुझ्याकडचा शिंगाळा ऐकला हं! काय डुरकत होता! एकदा तर मला वाटलं माझ्याच अंगावर येतोय. मी पण रोखली होती, पण पानं आड आली." आणि त्याने चीज रोलचा मोठा घास घेतला. बटर हनुवटीवर उतरलं. रिपेका त्याच्या ओल्या पँटकडे बघत राहिली. तिच्या डुरकणीला तो डुरकत होता आणि त्याच्या डुरकणीला ती. दोन माणसं एकमेकांना हरीण म्हणत, एकमेकांकडे सरकत आली होती. त्याच्या दुर्बिणीतही काहीतरी होतं. त्याच्या मनानेही तिच्या पाइपला शिंगं लावली असतील, प्रेमाने.

"तू का नाही गं झाडलीस?" त्याने विचारलं.

"नीट दिसलं नाही."

"शाबास," पोउआ म्हणाला. खरोखर मनापासून म्हणाला. 

तेव्हापासून ती त्या शाबासकीच्या आत राहत होती, आणि आत हवा कमी होती. सांगावं तर काय होईल हे तिला स्वच्छ दिसत होतं. आई त्याच संध्याकाळी रायफली हलवेल. पोउआ गॅरेजमध्ये रिकाम्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसेल, आणि पुढचा एप्रिल त्याला खिडकीतून ऐकावा लागेल. न सांगावं तर येता शनिवार होता. आणि खात्री? खात्री होती का? ती पुन्हा पुन्हा दुर्बिणीला डोळा लावायची. एक हात. एक ओली पँट. म्हातारा माणूस पाणी प्यायला वाकला असेल, पाय घसरला असेल. घरी परतताना त्याने गाडी तिसऱ्याच वाटेने आणली आणि हा जवळचा रस्ता म्हणाला, तेही खरं असेल. पूर्ण दिसेपर्यंत चाप ओढायचा नाही, हे त्यानेच शिकवलेलं. मग ती थांबली होती. सोमवारी थांबली, मंगळवारीही. पण रानात थांबलं की जनावर निघून जातं आणि संध्याकाळी सगळे जिवंत घरी येतात. इथे ती जितकी थांबत होती तितका शनिवार जवळ सरकत होता, नेच्यांतून, डुरकत, आणि थांबण्याला इथे काय म्हणायचं ते पोउआने कधी सांगितलं नव्हतं. त्याला विचारायचं तर तोच समोर उभा.

घरी आली तर दारात पोउआची जुनी पिकअप. आत हसण्याचा धबधबा. एरूमामा आला होता, आईचा धाकटा भाऊ, बंदरावर क्रेन चालवतो आणि घरातही तेवढ्याच उंचीवरून बोलतो.

"आल्या, आल्या! शाकाहारी शिकारी आल्या!" मामा ओरडला. "बाईसाहेब, आज जेवायला हरणाचं मांस आहे. चालेल ना? की आधी त्याची परवानगी काढू?"

"गप रे," आई म्हणाली. "पोरीने धीर धरला. तू गेल्या वर्षी खडकावर दोन गोळ्या घातल्यास."

"खडक हलला होता, ताई! देवाशपथ हलला होता."

सगळे हसले. पोउआ सगळ्यात जास्त. रिपेका त्याच्या समोर बसली. त्याने दाढी केली होती, कानापाशी साबणाचा ठिपका राहिला होता. तिला तो पुसावासा वाटला.

"या शनिवारी मीही येतो," मामा म्हणाला. "तिघं जाऊ. रिपला एकटीला सोडलं तर ती हरणांना सँडविच वाटून येईल. म्हाताऱ्या, सांग, कसं बसायचं?"

पोउआ खुलला. पुढ्यातल्या कुस्करलेल्या बटाट्याचा त्याने काट्याने डोंगर केला, डोंगराला धार काढली, चमच्याच्या टोकाने एक चर खणला आणि त्यात तपकिरी रस्सा ओतला. "हा ओढा," तो म्हणाला. आईने 'बाबा, अन्नाशी खेळू नका' असं म्हणून पाहिलं, पण तीही वाकून बघत होती. पोउआने ताटातले तीन वाटाणे वेगळे केले. "हा एरू, वर, धारेवर. ही रिप." वाटाणा चराच्या अलीकडे बसला. "आणि हा मी." तिसरा वाटाणा त्याने काळजीपूर्वक उचलला, रश्श्याच्या वरून फिरवला, आणि रिपेकाच्या वाटाण्याच्या शेजारी, चराच्या अलीकडेच, थोड्या अंतरावर ठेवला. "झालं. आमच्या दोघांत ओढा."

मामा हसायच्या बेतात होता. "अहो महाराज, तुम्ही तर तिच्या मांडीवरच बसलात."

"काय बोलतोस? हा बघ ओढा. मध्ये." पोउआने काट्याचं टोक दोन वाटाण्यांच्या मधोमध टेकवलं, जिथे फक्त बटाटा होता, पांढरा, गुळगुळीत. त्याच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नव्हती. धबधब्याच्या वर पाणी उथळ असतं, तिथे मी बसतो नेहमी, असं तो सांगत राहिला. त्या ओढ्याला धबधबा नव्हता. धबधबा त्याच्या लहानपणच्या गावाच्या मागे होता, लांब, वायाऊच्या खोऱ्यात, आणि ते रान कापून तिथे मेंढ्या सोडल्याला रिपेकाच्या जन्मापेक्षा जास्त वर्षं झाली होती.

नेचे बाजूला झाले. आता सगळं उघड्यावर होतं, पूर्ण, डोक्यापासून पायापर्यंत, आणि ते तिच्याकडे बघून हसत होतं. तिचं बोट मांडीवर शांत पडलं होतं. गंमत म्हणजे ते आत्ता हललं नाही.

"पोउआ," ती म्हणाली, "तू शनिवारी ओढा ओलांडला होतास."

"मी? छे गं."

"माझ्या बाजूला आला होतास. ज्याला तू शिंगाळा म्हणतोस ती मी होते. आणि मी ज्याच्यावर रोखली होती तो तू होतास. माझं बोट चापावर होतं. तू पँट वर ओढलीस म्हणून मला कळलं."

कुणीतरी काटा ठेवला. त्याचा आवाज बराच वेळ टेबलावर राहिला.

"रिप," मामा हळूच म्हणाला, त्याच्या आवाजातली क्रेन खाली आली होती, "असली थट्टा करत नाहीत."

"थट्टा नाही. त्यानेही माझ्यावर रोखली होती. तूच म्हणालास ना, पोउआ? पानं आड आली."

 आई बापाकडे बघत होती, आणि तिचं बघणं हळूहळू बदलत गेलं. बहुधा तिलाही स्वतःजवळचे काही तुकडे आठवत होते, जे तिने आजवर जोडले नव्हते. पोउआने ताटातला अलीकडचा एक वाटाणा दोन बोटांत उचलला. तो रिपेका होता. त्याला तो पलीकडे ठेवायचा होता. हात ताटावर फिरला, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि पलीकडं सापडेना. मग त्याने तो ताटाबाहेर ठेवला, टेबलक्लॉथवर. उठला, उजव्या हाताने मागून पँट वर ओढली, आणि दाराबाहेर गेला.

"हे असं? जेवताना? सगळ्यांसमोर?" मामा तिच्यावर उखडला. "मला बाजूला घेऊन सांगता येत नव्हतं तुला?"

"एरू," आई म्हणाली, "त्यांच्या रायफली उद्या तुझ्या कपाटात जातील. सगळ्या."

"ताई, अगं तो मरेल त्याने."

"सगळ्या म्हटलं ना मी."

म्हणजे गोळी लागली होती. नेमकी, जिथे लागायला हवी तिथे. रिपेकाला वाटलं होतं की बोलून टाकलं की छातीवरचं खोड बाजूला होईल, ती उठून बसेल, हात झटकेल. काही झालं नाही. खोड तिथेच होतं, फक्त आता त्याखाली तिच्या शेजारी आणखी कुणीतरी होतं. ती उठली. "बस खाली, त्यांना जरा एकटं राहू दे," आई म्हणाली. पण ज्याने गोळी झाडली त्याने चालत तिथपर्यंत जायचं असतं. दुसऱ्याला पाठवायचं नसतं, हे या घरात कुणी तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

बाहेर अजून उजेड होता, पण तो वस्तूंवरून उतरत चालला होता. पोउआ पिकअपमध्ये बसला होता. ड्रायव्हरच्या जागेवर नव्हे, शेजारच्या. चावी डॅशबोर्डवर ठेवलेली. ती वळसा घालून आली आणि स्टिअरिंगमागे बसली, कारण दुसरी जागाच नव्हती. दार ओढून घेतल्यावर आत ओल्या लोकरीचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास दाटला. समोरच्या कुंपणावर शेजारणीची मांजर दोघांकडे बघत होती.

"पोउआ."

"हं."

"रागावलायस?"

तो काचेतून बघत राहिला. "मी रोखली होती तुझ्यावर?"

"तू म्हणालास तसं."

"मग झाडली का नाही?"

"पानं आड आली म्हणालास."

"पानं," तो म्हणाला. हा शब्द त्याने तोंडात फिरवून पाहिला. "मला पानं आठवत नाहीत, पोरी. पाणी आठवतंय. गार पाणी." त्याने गुडघ्यांवरून हात फिरवला, ते अजून ओले असतील तर बघावं तसा. तिला कळेना की गप्प राहणं म्हणजे त्याला सांभाळणं आहे की सोडून देणं. तिला रडायचं होतं, पण ज्याला लागलंय त्याच्यासमोर ज्याने मारलं त्याने रडायचं, हे तिला फार आगाऊपणाचं वाटलं. तिने स्टिअरिंग धरून ठेवलं. गाडी उभीच होती.

"एक सांग," शेवटी पोउआ म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. कानापाशी साबणाचा ठिपका होता तसाच. "खरं सांग हं. मी डुरकलो तेव्हा... तुला नरच वाटला? खरोखरचा?"

"खरोखरचा."

"म्हातारा वगैरे?"

घराच्या खिडकीत आईची सावली आली, थांबली, गेली. रिपेकाने त्याच्या डोळ्यांत बघितलं, कारण तेवढं तरी ती करू शकत होती.

"नाही," ती म्हणाली. "ऐन भरातला."

पोउआने मान डोलावली. मग हात मागे नेऊन त्याने सीटबेल्ट ओढला, खटकन लावला, आणि समोर बघत बसला.